चौथ्या मजल्यावरचा विमा

४ तारीख, सोमवार

कामावर असताना रोज संध्याकाळी रजिस्टर लिहायला लागायचं. कुठली लिफ्ट, काय बिघाड, काय केलं, सही. तीन ओळीत काम. निवृत्त होऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि संध्याकाळ झाली की हात शिवशिवायला लागतात. पोरीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, मनात येईल ते लिहा." मनात येईल ते लिहायला मी काय रिकामा बसलोय? बसलोय, हे खरं आहे. तरी घडलं तेवढंच लिहीन.

आज घडलं ते असं. कंपनीच्या ऑफिसातून पाकीट आलं. दवाखान्याचा कंपनीचा विमा निवृत्तीनंतरही चालू राहणार, मला आणि बायकोला. झकास. पण तो पडला छोटा. मोठं दुखणं आलं तर पुरायचा नाही, म्हणून त्याच्यावर आणखी एक विमा घ्या म्हणतात. ते त्याला टॉप-अप म्हणतात, मी वरचा विमा म्हणतो. या महिन्यात घेतला तर डॉक्टरी तपासणी नाही, नुसतं लिहून द्यायचं की आम्हाला काही झालेलं नाही. महिना उलटला की तपासणी पण आणि हप्ता पण चढा. सही माझी लागणार, कारण नोकरी माझी होती.

बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "घेऊन टाकू या."

मी म्हटलं, "विम्यावर विमा? उद्या छत्रीवर छत्री धरशील."

"पाऊस जोराचा असला तर धरीन की."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पाकीट फ्रिजवर ठेवलं.

७ तारीख, गुरुवार

विमावाला आला होता. पोरगेलासा आहे, टाय लावतो. त्याला मी टायच म्हणणार. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी आयुष्यभर लोकांना बसल्या बसल्या वर नेलं आणि स्वतः चौथ्या मजल्यावर पायी चढतो, याच्यावर आमच्या कंपनीत सगळ्यांनी हसून घेतलंय. टाय वर आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. मी म्हटलं, "विमा तुम्हीच घ्या, तुम्हाला गरज आहे."

बायकोने त्याला पाणी दिलं. म्हणाली, "बसा हो, आधी दम घ्या. आमचा जिना वाईटच आहे." मला नाही वाटत वाईट. पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत, कठडा मजबूत आहे.

टायने रंगीत तक्ते पसरले. मी म्हटलं, "काय काय मिळतं ते नको, काय मिळत नाही ते सांगा." मग गडी आला मुद्द्यावर. आधीपासून अंगात असलेलं दुखणं तीन वर्षं धरत नाहीत म्हणाला.

हे मला चटकन कळलं. आमच्यात तेच. लिफ्टचे करार दोन. साध्या करारात आम्ही महिन्याला येऊन तेलपाणी बघणार, पार्ट गेला तर खर्च तुमचा. मोठ्या करारात सगळंच आमच्यावर. म्हणून मोठा करार करायच्या आधी मी जाऊन तपासणी करायचो आणि लिहून द्यायचो की हा हा बिघाड आधीचा आहे. इमारतींच्या कमिट्या पण काय एकेक! लिफ्ट महिनाभर कुरकुरत असायची पण मेकॅनिकला बोलवायचे नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी रुळांना ग्रीस फासायचे म्हणजे आवाज बसतो. करारावर सही झाली की दुसऱ्या दिवशी फोन, "अहो, आजच आवाज यायला लागला बघा!"

टाय खो खो हसला. बायकोने हा किस्सा माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की तिला तो पाठ असेल. तरी दारात उभी राहून नव्याने ऐकल्यासारखं विचारते, "आणि तुम्हाला नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर बसलं कंपनीच्या गळ्यात. काय करणार?"

तिने मान हलवली आणि कप उचलून आत गेली.

८ तारीख, शुक्रवार

झोपायच्या खोलीतून रात्री शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. खिडकीच्या फटीतून वारा येत असणार. सकाळी रबराची पट्टी आणली आणि लावली. काम पक्कं झालं.

११ तारीख, सोमवार

पट्टी लावून उपयोग नाही, आवाज येतोच. खिडकीच्या दुसऱ्या दारालाही लावली.

आज दोघं बाजारात गेलो होतो. येताना दुसऱ्या मजल्यावर ही थांबली. तिथे शिंपीण राहते. दारातच तिचं मशीन, दार सताड उघडं, आणि तिला बोलायला माणूस हवंच असतं. मी पिशव्या घेऊन वर गेलो, हातपाय धुतले, चहाला आधण ठेवलं, चहा झाला, तरी हिचा पत्ता नाही. गंमत म्हणजे खाली जाताना ही कधी थांबत नाही, वर येतानाच थांबते. उतरताना बोलायला काही नसतं आणि चढताना सगळं आठवतं! आताशा तिसऱ्या मजल्यावर पण थांबते. तिथे कोणी राहत नाही, दाराला टाळं. मी विचारलं, "तिथे कोणाशी गप्पा मारतेस?" म्हणाली, "तिथल्या खिडकीतून हवा बरी येते." हवा चौथ्यावर जास्त येते, हे साधं गणित आहे.

आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी तिला नवीन चप्पल घेतली, आता म्हणते पायाला आवळते. दुकानदाराने आखूड माल गळ्यात मारला. भांडायला निघालो तर, "राहू द्या हो, कशाला तमाशा," म्हणून अडवलं. आणि बाजारात माझ्या जुन्या चपला घालून आली. फटक फटक आवाज करत.

रात्री जेवताना विचारते, "त्या कागदाचं काय ठरलं?"

"विचार चालू आहे," म्हटलं.

१३ तारीख, बुधवार

पाना भेटला. माझ्याबरोबर पंचवीसेक वर्षं काम केलं त्याने, त्याच्या हातात कायम पाना असायचा म्हणून पाना. माझ्या आधी निवृत्त झाला. विम्याचं विचारलं तर भडकलाच.

"अजिबात घेऊ नकोस. चोर आहेत. मी दोन वर्षं हप्ते भरले. दवाखान्यात पडलो तर म्हणाले, बसत नाही."

"का बसत नाही?"

"त्यांना कारण लागतंय होय!"

झालं. मला एवढंच ऐकायचं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पानाभावजींचं काय सांगता, त्यांचं रेशनकार्डपण कुठे बसत नाही." हसू आलं, पण पाना खोटं बोलणारा माणूस नाही.

माझा साधा विचार असा. उभ्या नोकरीत मी आजारपणाची रजा टाकली नाही. ही तर माझ्याहून चिवट. असल्या माणसांनी विम्यावर विमा कशाला घ्यायचा? घरात औषधांची पेटी आणून ठेवली की माणसाला दुखायला लागतं, मी बघितलंय.

१६ तारीख, शनिवार

पोरगी आली होती. बँकेत आहे, अर्धी रजा टाकून आली. आल्या आल्या माझ्यामागे लागली. "बाबा, सही करून टाका ना."

"तू बँकेत विचार न करता सही करतेस का?"

"विचार करते. दोन आठवडे नाही करत."

मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी पेपर वाचत होतो, ऐकायचा माझा काही हेतू नव्हता, पण माझे कान कामाने तयार झालेले, काय करू? पोरगी म्हणत होती, "आई, ते काही नाही, तू आधी जाऊन दाखवून ये."

"आधी त्यांची सही होऊ दे."

"आणि तोवर?"

"तोवर काय. इतके दिवस निघाले तसे निघतील. बाबांना बोललीस तर बघ."

चष्म्याचं असणार. हिचा चष्मा जुना झालाय, सुईत दोरा ओवायला मला बोलावते. म्हणजे फुकट चष्म्यासाठी चाललंय हे सगळं! वरच्या विम्यात चष्मा बसत नाही, मी कागद वाचलाय. दोघींनी वाचलेला दिसत नाही. मनात म्हटलं, चालू दे.

जाताना पोरगी दारात घुटमळली. काहीतरी बोलणार होती. मागून हिने नुसतं बघितलं तिच्याकडे. पोरगी म्हणाली, "येते बाबा," आणि गेली.

१९ तारीख, मंगळवार

ठरवलं. घ्यायचा नाही. कंपनीचा छोटा आहे तो बास.

बायकोला सांगितलं. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, चार मुद्दे तयार ठेवले होते. ती पलंगावर बसून उशीला अभ्रा घालत होती. ही तिसरी उशी. मानेला बरं पडतं म्हणून उशांचा ढीग करून जवळजवळ बसूनच झोपते हल्ली. अभ्रा घालून झाल्यावर म्हणाली, "महिना संपायला वेळ आहे अजून. परत एकदा विचार करा. माझ्यासाठी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, 'माझ्यासाठी' असं तिने काही मागितल्याचं आठवत नाही. बांगड्यासुद्धा पोरीसाठी म्हणून मागितल्या होत्या. चष्मा एवढा महाग झालाय की काय? मी म्हटलं, "तुला चष्मा पाहिजे तर सरळ सांग, उद्या घेऊन देतो."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. हसता हसता खोकला आला. पाणी आणून दिलं.

२२ तारीख, शुक्रवार

हे नीट लिहायला पाहिजे.

सकाळी ही पाव आणि दूध आणायला खाली गेली. मी म्हटलं मी जातो, तर म्हणे, "तुम्ही गेलात की दुकानात भांडण करून येता." मला भूक लागली होती. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून चिडून दार उघडून जिन्यात उभा राहिलो. हाक मारणार तेवढ्यात खालून शिट्टीचा आवाज आला. बारीक. तोच, रात्रीचा.

लिफ्टचं काम करणारा माणूस वरून ऐकतो. वर मशीनच्या खोलीत उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि खालून येणारा आवाज कुठल्या मजल्यावरचा, कशाचा, ते ओळखायचं. घासतंय का, पट्टा सैल आहे का, बेअरिंग गेलंय का. सगळा जन्म यात गेला. मी डोळे मिटले. आवाज दुसऱ्या मजल्यावरून येत होता. थांबून थांबून येत होता. श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना. जिन्याला खिडकी आहे ती तिसऱ्यावर. दुसऱ्यावर नुसती भिंत आहे.

आणि शिंपीण बुधवारपासून बहिणीकडे गेलीय. तिच्या दाराला कुलूप आहे, मी कालच बघितलं.

खाली उतरलो. ही पायरीवर बसली होती. दुधाची पिशवी मांडीवर, पाव बाजूला. एक हात कठड्याला. मला बघितल्याबरोबर उठायला गेली आणि म्हणाली, "शिंपिणीची वाट बघत होते."

मी तिच्याशेजारी बसलो. माझ्या जुन्या चपलांतून तिचे पाय दिसत होते. घोट्याजवळ बोटाने दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला, भरून यायला किती वेळ लागला. चप्पल आखूड नव्हती. दुकानदाराला मी काय काय बोलणार होतो.

"कधीपासून?" विचारलं.

"काय कधीपासून?"

"अगं, मी खुळा आहे, बहिरा नाही."

तिने दुधाची पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सही करा. सही केलीत की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते. आधी गेले तर कागदावर चढेल आणि विमावाले धरणार नाहीत. तुम्हीच सांगता ना नेहमी."

मीच सांगतो. कमिट्यांना हसत हसत, चहा पीत, सगळ्यांना सांगतो. आणि घरात एक बाई महिनाभर तेच करत होती, आणि मी खिडकीला रबर लावत होतो.

२३ तारीख, शनिवार

टायला बोलावलं. झालं ते सांगितलं. बायको समोर बसली होती. त्याने दाराकडे बघितलं, आवाज खाली केला आणि म्हणाला, "काका, अजून कुठल्या डॉक्टरने लिहिलेलं नाही ना? मग काही नाहीच. 'तक्रार नाही' लिहा, आज सही करा. मंजूर व्हायला आठवडा. मग काकूंना दाखवा. सगळे असंच करतात."

बायको म्हणाली, "मी पण हेच म्हणतेय."

खरं सांगायचं तर पेन हातात घेतलं होतं. आठवडा म्हणजे काय? आठवडा कसाही जातो.

पण मी त्या बाजूचा माणूस आहे. रुळांना फासलेलं ग्रीस ओलं असलं की माझ्या बोटाला कळायचं. जुनं ग्रीस काळं असतं, त्यात धूळ असते. आदल्या दिवशी लावलेलं चकाकतं. करार झाल्यावर लगेच तक्रार आली की मी फाइल काढून सगळं उलटं तपासायचो, आणि सापडलं की करार रद्द, पैसे पण परत नाहीत. विमावाल्यांकडे माझ्यासारखा कोणी नसेल का? असणारच. तोही माझ्याइतकाच खडूस असणार.

पानाला फोन लावला. म्हटलं, "खरं सांग, तुझं का बसलं नाही? काय लपवलं होतंस?"

"लपवलं कुठे? विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं," म्हणाला. "साखर आहे का विचारलं होतं."

फोन ठेवला. टायला म्हटलं, "तुम्ही गुरुवारी या." बायकोला म्हटलं, "सोमवारी डॉक्टरकडे जायचं."

"सही करून?"

"सही न करता. आवाज करणारी लिफ्ट आधी बंद करतात आणि उघडून बघतात. तिच्यात माणसं बसवून करारावर बोलत बसत नाहीत."

"मी लिफ्ट नाही."

"माहीत आहे. लिफ्ट एवढी वाद घालत नाही."

ती हसली नाही.

२५ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण फालतू बोलत नाहीत. आवडल्या. नळी कानाला लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं, मग डोळे मिटून परत पुढून. तेव्हाच मला समजलं की काहीतरी सापडलंय. आम्ही बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतो आणि असेच डोळे मिटतो.

"किती दिवस होतंय?"

"आठवडा झाला असेल," ही म्हणाली.

"महिना," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग हीच हळूच म्हणाली, "चार महिने."

चार महिने मी कामावर जात होतो, येत होतो, जेवत होतो.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. रक्त पुढे जायचं ते थोडं मागे येतं, म्हणून छातीत आणि पायात पाणी साठतं. झडप म्हटल्यावर मला सगळं दिसलं. मी विचारलं, "दुरुस्ती की बदली?"

"आधी औषधाने पाणी कमी करू. मग मशीनवर तपासू. मग ठरवू. बहुतेक दुरुस्तीवर भागेल."

"आम्ही महिनाअखेर येणार होतो. विम्यासाठी," मी म्हटलं.

त्या गोळ्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "आला असतात तेव्हाही मी हेच सांगितलं असतं, कदाचित. या कदाचितवर मी माझ्या आईला ठेवलं नसतं."

२६ तारीख, मंगळवार

ही माझ्याशी बोलत नाही. काल घरी येताना जिन्यात एकदाच बोलली. प्रत्येक मजल्यावर थांबत आलो. तिसऱ्यावर पोचल्यावर म्हणाली, "महिनाभर मी दम खात काढला. कपडे वाळत घालताना काढला, तुमच्या मागून बाजारात चालताना काढला. तुम्हाला एक आठवडा निघाला नाही. सगळं वाया घालवलंत."

मी म्हटलं, "अगं पण..." तयार मुद्दा एकही नव्हता.

आज स्वयंपाक मी केला. ती जेवली. मीठ कमी टाकायला सांगितलंय, मी ते टाकलंच नाही. तरी काही बोलली नाही, म्हणजे राग मोठा आहे. पोरीने फोनवर मला सांगितलं, "बाबा, आईला भीती ऑपरेशनची नाही. तुमचे निवृत्तीचे पैसे तिच्यावर जातील आणि तुम्ही परत कुठेतरी कामाला जाल, याची आहे. म्हणून तिला विमा पाहिजे होता."

मी परत कामाला गेलोच असतो. आनंदाने गेलो असतो. हे तिला कोणी सांगावं, बोलतच नाही ती.

२८ तारीख, गुरुवार

टाय आला. मी कागद भरून ठेवला होता. 'काही आजार आहे का' या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा होती, मला पुरली नाही. मागच्या बाजूला लिहिलं. केव्हापासून दम लागतो, रात्री कसा आवाज येतो, पायाला किती सूज, कुठली झडप, कुठल्या गोळ्या, कोणी तपासलं. रजिस्टर लिहायचो तसं. खाली सही.

टाय वाचून म्हणाला, "काका, एवढं कोणी लिहीत नाही. हे वाचून ते काकूंना नाकारतील. तुम्हाला एकट्याला घेतील."

"तिला घेतलं नाही तर मला पण घेऊ नका. तेही लिहिलंय खाली."

"काका, असं चालत नाही..."

"ओळ लिहायला जागा होती, लिहिली."

बायको आतून ऐकत होती. टाय गेल्यावर बाहेर आली, माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "हट्टी माणूस." तीन दिवसांनी पहिला शब्द. मी काही बोललो नाही, न जाणो परत बंद पडायची.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि परत कामाला जायचं नाही. झडपेची दुरुस्ती होईल तेवढी कंपनीच्या विम्यात होईल, राहिलेली माझ्या बांगड्यांत. पोरीचं लग्न झालंय, तिला बांगड्यांचं काय?"

"बांगड्यांना हात लावायचा नाही."

"मग कामालाही जायचं नाही."

तोडगा निघाला नाही. पण बोलणं तरी सुरू झालं.

पुढचा महिना, १० तारीख, मंगळवार

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं काही झालं नाही, आणि ते चांगलंच झालं. गोळ्यांनी पाणी उतरलं. मशीनवर तपासलं, दुरुस्तीवर भागणार म्हणाले, पुढच्या महिन्यात तारीख देतो म्हणाले. त्यातलं बरंचसं कंपनीच्या छोट्या विम्यात बसेल. उरलेल्याचं भांडण आमचं चालू आहे, रोज थोडं थोडं.

आज विमावाल्यांचं पत्र आलं. मी वाचलं नाही, तिच्या हातात दिलं. तिने टेबलाशी बसून बोट फिरवत वाचलं. दुपारची वेळ होती, मी समोर उभा.

दोघांनाही घेतलंय. हप्ता सांगितला होता त्यापेक्षा जास्त. माझं सगळं धरलंय. तिचंही सगळं धरलंय, हृदय सोडून. हृदयाचं तीन वर्षांनी धरतील.

"तीन वर्षं झडप त्यांच्या हिशोबात नाही," ती म्हणाली.

"नसू दे. तोवर आपल्या हिशोबात आहे."

"मग ज्यासाठी घ्यायचा तेच नाही, आणि वर हप्ता जास्त. मला नाही वाटत आता घ्यावा. तुम्हाला तर पहिल्यापासून पटत नव्हता."

"अजूनही पटत नाही."

"मग?"

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "हे बघ, ही कसलेली माणसं आहेत. मी एक शब्द लपवला नाही, सगळं वाचलंय त्यांनी. आणि वाचून, तुझ्या नावापुढे, तीन वर्षांनंतर काय द्यायचं ते लिहून दिलंय. मोडीत निघालेल्या लिफ्टशी मी कधी पुढच्या तारखेचा करार केला नाही. ते कशाला करतील?"

ती पत्राकडे बघत राहिली. मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"म्हणजे मी तेव्हा असेन, असं ते धरून चाललेत?"

"धरून काय, लेखी दिलंय. खाली शिक्का आहे."

तिने शिक्का बघितला. खरंच बघितला, कागद उजेडात धरून. मग पत्राची घडी घातली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून एक चापट मारली.

"मग पहिला हप्ता आत्ताच्या आत्ता भरून या," म्हणाली. "विचार करत बसू नका. तुमचा काही भरवसा नाही."

ऑफिस बंद व्हायला अजून दोन तास होते. तरी मी जिना धावत उतरलो.